राणीचे जवाहीर आणि हिशेबाची वही

लेस्ली फील्ड यांचे ‘द क्वीन्स ज्युएल्स’ हे इंग्रजी सचित्र पुस्तक १९८७ साली निघाले. इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या खासगी अलंकारांचा हा ग्रंथ. आमच्या हाती तो आला लोणावळ्यात, चिक्कीच्या दुकानांपलीकडल्या एका रद्दीवाल्याकडे. कुण्या बंगल्यातून जुन्या मासिकांबरोबर वजनावर विकला गेला असावा. राणी २०२२ साली निवर्तली. पुस्तक मात्र आजही चाळावेसे वाटते, आणि चाळून झाल्यावर त्याच्याशी थोडे भांडावेसेही वाटते.

आधी गुण सांगू. लेखिकेने दागिन्यांची मांडणी हिरे, पाचू, मोती, माणके, नीलम अशा रत्नांच्या जातींनुसार केली आहे. एकच अलंकार आजीच्या, सुनेच्या, नातीच्या अंगावर कसा फिरला, कोणता मोडून कोणता घडला, हे चित्रांसह कळते. आईचा हार मोडून लेकीच्या लग्नात झुमके करणाऱ्या आपल्या घरांना ही रीत परकी नाही. राजघराणे असले तरी दागिन्याचा संसार सारखाच, हे जाणवून वाचक सुखावतो.

पण रत्नाच्या जातीवरून त्याचा रंग कळतो, त्याची वाट कळत नाही. आमचे भांडण येथून सुरू होते.

‘तैमूर रूबी’ या नावाने प्रसिद्ध असलेला खडा पाहा. साडेतीनशे कॅरटहून जड, आणि त्यावर फारसी अक्षरे कोरलेली. जहांगीर, शाहजहान, फर्रुखसियर, नादिरशाह, अहमदशाह दुर्रानी ही एकामागून एक मालकांची नावे. वास्तविक हा याकूत, म्हणजे माणिक नव्हेच. तो ‘लाल’, बदख्शानच्या खाणींकडचा. आपल्या फारसी-उर्दू परंपरेत याकूत आणि लाल हे दोन शब्द वेगळे आहेत. इंग्रजीने दोन्हींना बराच काळ ‘रूबी’ म्हटले. आणि तैमूरचा तर या खड्याशी संबंधच सिद्ध होत नाही. लेखातील ‘साहिबे किरान’ ही पदवी तैमूरची म्हणून ख्यात, त्यावरून हा घोटाळा झाला. येथे ती नादिरशाहासाठी आली आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या सुझन स्ट्राँग यांनी १९९६ साली ही गोष्ट पुढे आणली. १९८७ च्या पुस्तकाला त्याबद्दल दोष देता येत नाही. परंतु दगडावर लिहिलेले असूनही ते नीट वाचले गेले नाही, ही खंत राहतेच.

दुसरा मुद्दा ‘खासगी’ या शब्दाचा. कोहिनूर आणि हा लाल एकाच वाटेने गेले. १७३९ साली नादिरशाहाने दिल्ली लुटली. तेथून इराण, मग अफगाण, मग रणजितसिंहांचे लाहोर. १८४९ मध्ये इंग्रजांनी पंजाब घेतला तेव्हा गादीवर दहा वर्षांचा दुलीपसिंह होता. पुढे कोहिनूर राज्याचे जवाहीर ठरून टॉवरमध्ये गेला, आणि १८५१ साली कंपनीने व्हिक्टोरियास दिलेला लाल खासगी संग्रहात बसला. एकाच लुटीतले दोन खडे, एक सरकारी, एक घरचा! लेखिका ही वाटणी जशीच्या तशी स्वीकारते.

निजामाच्या भेटीचेही तसेच. एलिझाबेथचे लग्न २० नोव्हेंबर १९४७ चे. मीर उस्मान अली खान यांनी कार्तिए या पेढीस कळवले, की राजकन्येस आवडेल ते तिने निवडावे. तिने हिऱ्यांचा हार आणि मुकुट निवडला. लग्नानंतर नऊच दिवसांनी निजामाने भारताशी ‘जैसे थे’ करार केला आणि १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान गेले. त्या उलथापालथीची किंमत मराठवाड्यातील गोरगरीब हिंदू-मुसलमानांनी मोजली. तो मुकुटही १९७३ साली मोडला गेला. भेट देणारा कोणाच्या जिवावर उदार होतो, हा प्रश्न रत्नशास्त्राच्या पुस्तकात बसत नाही हे खरे. पण मग ते पुस्तक अर्धेच राहते.

हे आम्ही केवळ इंग्रजांना सुनावत नाही. लोणावळ्याहून पुण्याकडे निघाले की लोहगड दिसतो. सुरतेची दौलत येथे ठेवली होती असे सांगतात. पुढे नाना फडणविसांचा खजिनाही याच गडावर होता. दिल्लीचे मोगल असोत की इराणचा नादिर, त्यांची नावे मुसलमानी म्हणून त्यांचा खजिना ‘आपला’ ठरत नाही. त्या तख्तांशी मावळातल्या भातशेतीवर राबणाऱ्या मुसलमानाचे नाते रयतेचेच होते.

याच मावळातून निघालेली एक वाट आम्हांस या पुस्तकापेक्षा मोलाची वाटते. तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या फौजेत दमाजी गायकवाड होते. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत त्यांनी नाव कमावले. पुढे त्यांचे घराणे बडोद्यास स्थिरावले. त्याच घराण्यातील खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास बसरा मोत्यांचा गालिचा करविला. सुमारे पंधरा ते वीस लाख मोती, जोडीला हिरे, माणके, पाचू. मदिनेस हजरत पैगंबरांच्या (स.) रौजा शरीफवर तो अर्पण करावयाचा होता, असे सांगितले जाते. १८७० साली महाराज वारले, गालिचा बडोद्यातच राहिला. २००९ मध्ये दोहा येथे त्याचा लिलाव झाला. सुमारे ५५ लाख डॉलर आले. आखाताच्या समुद्रातले मोती आखातात परतले, मदिनेस मात्र पोहोचले नाहीत. एका मराठा राजाची ही अकीदत आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही, आणि आपल्या बोलण्यातही क्वचितच येते.

रमजान आला की आपल्या घरांत आई डबा उघडते, सोने तोलते, साडेसात तोळ्यांचा निसाब पाहून जकातीचा हिशेब करते. अंगावरच्या हिऱ्यामाणकांवर जकात नसेल. पण ती कोठून आली, कोणाचा हक त्यात अडकला, हा हिशेब सुटत नाही. फील्डबाईंच्या देखण्या वहीत जमेची बाजू सुबक लिहिली आहे. दुसरी बाजू कोरी आहे. ज्यांना ती अक्षरे वाचता येतात, त्या आपल्यापैकी कोणीतरी ती मराठीत लिहावयास हवी.