पांडू कोण?

मुलुंड चेकनाक्यावर बिनहेल्मेटची पोरं एकाच पोलिसाला दोन नावांनी ओळखतात. लांबून दिसला की तो 'पांडू', गाडीची किल्ली काढून घेतली की 'मामा'. 'मामा, जाऊ द्या ना' यात नातं जोडायची घाई आहे. 'पांडू' मात्र पाठीमागेच म्हणायचं. शिवी ओळखायची मला हीच खूण वाटते.

पण या नावात शिवी आहे कुठे? पांडू हे पांडुरंगाचं घरगुती रूप. पांडुर म्हणजे पांढुरका. आमचा विठोबा तर काळासावळा. (हा गुंता अभ्यासकांनी सोडवावा.) साने गुरुजी पांडुरंग सदाशिव, भारतरत्न काणे पांडुरंग वामन. नाव पूर्ण उच्चारलं की आदर आपोआप येतो, तोडलं की हवालदार समोर उभा राहतो.

याचं खापर दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'वर (१९७५) फोडलं जातं. मला ते पटत नाही. कोंडके गिरणगावातले; त्यांच्या पांडूला प्रेक्षक हसतो तो आपल्यातलाच म्हणून. तो शब्द बंबईया हिंदीत गेला तेव्हा हा आपलेपणा गळाला. तसंही मराठी कष्टकऱ्याचं नाव विचारायची तसदी या शहराने कधी फारशी घेतली नाही. कोकणातून घरकामाला आलेला प्रत्येक गडी 'रामा'च असायचा.

लंडनचा पोलिस 'बॉबी', कारण १८२९ साली ते दल उभारणारा गृहमंत्री रॉबर्ट पील. तिथे टोपणनाव वरून खाली आलं. आपल्याकडे आयुक्ताच्या नावाने शिपायाला कोण हाक मारणार? दिल्लीत 'ठुल्ला' या शब्दावरून प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१६ साली उच्च न्यायालयाने केजरीवालांना त्याचा अर्थ विचारला. मुंबईत 'पांडू'चा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही, आणि मला खुपतं ते हेच.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्रीनंतर मुंबईने एका पोलिसाचं पूर्ण नाव पाठ केलं: तुकाराम ओंबळे. गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक धरून ठेवणारे सहायक उपनिरीक्षक. तेही वारकऱ्यांच्याच घरचं नाव. पण त्याने 'पांडू' हटला नाही. २०२१ साली पुन्हा एका पोलिसावर विनोदी मराठी चित्रपट आला, तेव्हा शीर्षकातला 'हवालदार' गाळून नुसतं 'पांडू' लिहिलं तरी भागलं.