लष्करी धर्मसंघ : खेळातले आणि इतिहासातले

साहित्यसमीक्षेच्या पानांवर संगणकीय खेळाची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. एके काळी ऐतिहासिक कादंबरी तरुणांच्या मनात भूतकाळ उभा करीत असे. आज तेच काम चिंचोटीच्या डोंगरपायथ्यापासून अर्नाळ्याच्या किनाऱ्यापर्यंत आपल्या घराघरांतून युद्धनीतीचे खेळ करीत आहेत. कादंबरीची आपण चिकित्सा केली. या खेळांनाही तीच कसोटी लावायला हवी. त्यांतून क्रूसाचे चिन्ह वारंवार पुढे येते, म्हणून तर ती अधिकच लावायला हवी.

2006 साली आलेल्या ‘मिडीव्हल टू : टोटल वॉर’ या खेळात टेम्पलर, सेंट जॉनचे हॉस्पिटलर, ट्यूटॉनिक आणि सांतियागो अशा चार लष्करी धर्मसंघांचे नाइट आहेत. मूळ खेळात हौशी मंडळी जी भर घालतात तिला ‘मॉड’ म्हणतात, आणि अशा मॉडमधून नवनव्या संघांची पथके घालण्याची मोठी हौस दिसते. रीत सोपी आहे. पथकाचे आक्रमण, चिलखत, मनोधैर्य, भरतीचा व देखभालीचा खर्च हे आकडे एका फाइलीत लिहायचे. त्याची भरती कोणत्या इमारतीत होईल ते दुसऱ्या फाइलीत नोंदवायचे. मग अंगरखा आणि ढाल रंगवायची. पथकांच्या प्रकारांची मर्यादा 500 आहे. ती भरली की नव्यासाठी जुने काढावे लागते. क्रूसाचा आकार आणि अंगरख्याची छटा अचूक असावी म्हणून ही मंडळी जुन्या चित्रांचा जो अभ्यास करतात, तो कौतुकास्पद आहे.

परंतु एवढ्या अचूकतेनंतरही संघाचा प्राण हाती लागत नाही. धर्मसंघ म्हणजे पथक नव्हे. धर्मसंघ म्हणजे नियम. हॉस्पिटलरांना 1113 साली पोपमहोदयांची मान्यता मिळाली, ती जेरुसलेम येथील रुग्णसेवेच्या आश्रमाला. ट्यूटॉनिक संघाचा उगमही 1190 साली आक्र शहराच्या वेढ्यात जखमींसाठी उभारलेल्या रुग्णालयात आहे. टेम्पलरांना 1129 च्या त्र्वा येथील धर्मसभेत नियम मिळाला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन यांबरोबरच लगामाला सोन्यारुप्याचा साज नको, आज्ञेविना घोडा पुढे काढू नये, अशी बंधने त्यांच्या जीवनाला होती. या नियमांचे पालन नेहमी झालेच असे नाही. संघांपाशी अमाप संपत्ती साठली, निरपराधांचे रक्तही सांडले. मात्र व्रत आणि तलवार यांच्यातील हा ताण हाच त्यांच्या इतिहासाचा गाभा आहे. खेळात नेमका तोच गळतो आणि उरतो तो अधिक चिलखत घातलेला, अधिक महागडा सैनिक.

1999 साली आलेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागात ही फारकत स्पष्ट दिसते. तेथे ट्यूटॉनिक नाइट किल्ल्यात घडतो, पायी चालतो आणि केवळ मारतो. संन्यासी वेगळ्या मठात घडतो. तो जखमींना बरे करतो, पवित्र अवशेष गोळा करतो, शत्रूला आपल्या बाजूस वळवितो. इतिहासात जे दोघे एका देहात नांदले, एकमेकांशी झगडले, ते खेळाने दोन पुतळ्यांत वाटून टाकले. सोयीची असली, तरी ही वाटणी खरी नव्हे.

आपल्या भूमीपुरता हा प्रश्न आणखी जवळचा आहे. 1312 साली टेम्पलर संघ विसर्जित झाला आणि 1319 साली पोर्तुगालमध्ये त्याच्या मालमत्तेवर ‘ख्रिस्तसंघ’ उभा राहिला. पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरील लाल क्रूस तो याच संघाचा. 1534 साली वसई पोर्तुगिजांकडे आली. उद्या एखाद्या होतकरू तरुणाने वसईच्या कोटाचा नकाशा रचला, तर तटावर ख्रिस्तसंघाच्या नाइटांचे पथक उभे करण्याचा मोह त्याला होईल. तो इतिहासाशी सुसंगत ठरणार नाही. तोवर त्या संघाची झूल ही बहुतांशी राजाने सेवेबद्दल दिलेली मानाची खूण झाली होती; पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नाइटांना विवाहाचीही मुभा मिळाली होती. वसई प्रांतातील घोडेस्वार उभे राहत ते गावांच्या पट्ट्यांवर. गाव मिळालेल्या पोर्तुगीज खातेदाराने खंड भरावा आणि सेवेसाठी घोडा बाळगावा, अशी अट असे.

मग ख्रिस्तसंघ येथे आलाच नाही काय? आला, पण वेगळ्या वाटेने. 1456 साली पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी सागरापारच्या प्रदेशांतील धार्मिक अधिकार या संघाला दिला. पुढे संघाचे प्रमुखपद राजाकडे गेले आणि 1551 साली ते कायमचे राजपदाशी जोडले गेले. पाद्रोआदोचे मूळ या व्यवस्थेत आहे. मंदिरे बांधणे, धर्मगुरूंचा निर्वाह चालविणे, धर्माधिकारी सुचविणे, ही सारी राजाची जबाबदारी आणि राजाचा हक्क. म्हणजे आपल्या धर्मग्रामांच्या इतिहासात हा संघ भेटतो तो भाला घेऊन नव्हे, हिशेबाची वही घेऊन. त्या वहीत उपकार आहेत, तसाच सत्तेचा दाबही आहे. दोन्ही वाचल्याशिवाय आपला इतिहास पुरा होत नाही.

मुलांच्या हाती केवळ रंगविलेली ढाल पडली, तर दोन गैरसमज पक्के होतील. क्रूस म्हणजे लढाईचा बिल्ला, हा पहिला. वसईचे ख्रिस्ती म्हणजे त्या बिल्ल्याच्या सैनिकांचे वंशज, हा दुसरा. येथील कुळे या मातीतील कुणबी, सामवेदी, कोळी, आगरी यांची. 1739 साली चिमाजी अप्पांनी कोट जिंकल्यावरही ती आपल्या वाड्या-शेतांवर राहिलीच. याच भूमीने एक संघबंधूही जगाला दिला : 1597 साली नागासाकी येथे क्रूसावर प्राण देणारे संत गोन्सालो गार्सिया. तेही संघाचेच, फ्रान्सिस्कन संघाचे. पण त्यांच्या हाती शस्त्र नव्हते.

खेळ टाकून द्यावेत, असे म्हणणे नाही. ज्या फाइलीत आक्रमणाचा आकडा लिहिता येतो, तिच्यात पथक शिस्तीचे की उतावळे, हेही लिहिता येते. संघगृहाच्या वर्णनात रुग्णालयाची आणि व्रतांची चार वाक्ये घालता येतात. ती घालणारा मॉडकार खेळाची गंमत कमी करीत नाही, तो इतिहासाशी प्रामाणिक राहतो. ढालीवरच्या क्रूसाला रंग पुरतो; नियमातला क्रूस वाचावा लागतो. घरातील वडीलधाऱ्यांनी तो मुलांसोबत बसून वाचावा.