काळजीखोर मांजरीची गोष्ट

बालवाङ्मयातील आया बहुधा उपदेश करतात, नाही तर कथा सुरू होण्यापूर्वीच मरून गेलेल्या असतात. स्वतःच हास्यविषय झालेली आई विरळा. बिॲट्रिक्स पॉटर (१८६६–१९४३) या इंग्रज लेखिकेने १९०८ साली ‘द रोली-पोली पुडिंग’ या नावाने प्रसिद्ध केलेल्या व १९२६ पासून ‘द टेल ऑफ सॅम्युअल व्हिस्कर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कथेत ती भेटते. टॅबिथा ट्विचिट ही मांजरी तीन पिलांची आई आहे, आणि ती पिले सदैव हरवतात.

लेखिका प्रारंभीच तिचे वर्णन दोन शब्दांत उरकते, आणि भाषांतरकाराची परीक्षा तेथेच सुरू होते. ‘चिंतातुर माता’ म्हणावे तर संगीत नाटकाचा पडदा वर गेल्याचा भास होतो. ‘प्रेमळ’, ‘हळवी’ म्हणावे तर वाचकाचे डोळे पाणावू लागतात. मूळ शब्द कचेरीतील दाखल्यासारखे कोरडे आहेत, आणि विनोद त्या कोरडेपणातच आहे. ‘श्यामची आई’ (१९३५) वाचून वाढलेल्या आपल्या मनाला आईकडे असे कोरडेपणाने पाहण्याची सवय नाही. मला ‘काळजीखोर’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. ‘भांडखोर’, ‘चहाडखोर’ यांच्या पंक्तीत बसून तो काळजीलाही खोडीचे रूप देतो.

भट्टी लावण्याच्या दिवशी लुडबूड नको म्हणून टॅबिथा पिलांना कपाटात कोंडण्याचे ठरविते. दोघी मुली सापडतात; कोंडले जाणे नको म्हणून टॉम धुराड्यात चढतो, वाट चुकतो आणि उंदीरदांपत्याच्या बिळात पडतो. ती दोघे त्याला दोरीने बांधतात, लोणी फासतात आणि कणकेत लाटू लागतात. ही कणीक कोणाची? टॅबिथाच्याच स्वयंपाकघरातून चोरलेली. लोणी आणि लाटणेही तिचेच. आईने मायेने कोंडावे आणि उंदराने भुकेने गुंडाळावे, या दोन क्रियांतील साम्य लेखिका कोठेही बोलून दाखवीत नाही. बालवाचकाला ते हसता हसता जाणवते.

भारतीय वाचकाला येथे भागवताच्या दशमस्कंधातील उखळबंधन आठवेल. पण यशोदेची दोरी दोन बोटे अपुरी पडते, कारण बांधला जाणारा सर्वसमर्थ आहे. म्हणून तेथे आपण निर्धास्तपणे हसतो. टॉमची दोरी पुरेशी लांब आहे.

तरीही ही कथा आईच्या काळजीची निव्वळ थट्टा नव्हे. भिंतीआड उंदीर खरोखरच होते, आणि ते पिलू खाणारही होते. टॅबिथाचे भय खरे. उपाय तेवढा चुकला. पॉटर स्वतः चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत आईवडिलांच्या धाकात राहिली. १९०५ साली प्रकाशक नॉर्मन वॉर्न यांच्याशी ठरलेला तिचा विवाह त्यांना रुचला नव्हता. वॉर्न त्याच वर्षी निवर्तले, आणि त्याच वर्षी तिने घेतलेले ‘हिल टॉप’ हे शेतघर हीच या कथेची वास्तू आहे. चरित्रावरून कथेचा अर्थ लावण्याची मला हौस नाही. पण कोंडणाऱ्या मायेकडे इतक्या समतोलपणे पाहणारी दृष्टी उसनी आणता येत नाही, एवढे नमूद करावेसे वाटते.

या समतोलाची कसोटी खुद्द टॅबिथाच्या बोलण्यात आहे. टॉमचा शोध चालू असतानाच ती सहज सांगते, की आपण एका बिळातून उंदरांची सात पिले पकडली आणि ती जेवणात खाल्ली. हे ऐकून कोणी दचकत नाही. पुस्तक अर्पण केले आहे ते लेखिकेच्या पाळीव उंदराला, हे येथे आठवावे.

शेवटी सुतार कुत्रा येऊन फळी कापतो आणि टॉम सुटतो. मोठा झाल्यावर बहिणी नामांकित उंदीरमार होतात, तो मात्र जन्मभर उंदरांना भितो. त्याच्या अंगावरून सोलून काढलेली कणीक वाया जात नाही. काजळीचे डाग दिसू नयेत म्हणून तीत मनुका घालून आई तिचे पुडिंग करते, आणि सारे कुटुंब ते जेवते.