कुंपण आणि शेत

माणसाच्या मनात एक हिंस्र जनावर दडलेले असते आणि समाजाचे नियम त्याला वेसण घालतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांची दोन नाटके शेजारी ठेवून वाचली, की ही समजूत निम्मीच खरी असल्याचे आमच्या ध्यानात येते.

'गिधाडे' १९७० मध्ये श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. पितळ्यांच्या घरात बाप आणि मुले इस्टेटीपायी एकमेकांचे लचके तोडतात. नात्यांची कोणतीही मर्यादा तेथे उरलेली नाही. सून रमा हिच्या एकटीच्या चांगुलपणाने ते घर सावरत नाही. कुंपण मोडले आणि शेत गेले, एवढे आपण समजू शकतो. मात्र ही माणसे मुळातच गिधाडे म्हणून आपल्यापुढे येतात. त्यामुळे 'आपण असे नाही' असे म्हणून प्रेक्षक सुटू शकतो.

'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) ही पळवाट ठेवत नाही. येथे नियमांचा तुटवडा नाही. न्यायाधीश, वकील, साक्षीदार, सारे यथासांग आहे. करमणुकीखातर मांडलेल्या अभिरूप खटल्यात बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो आणि पाहता पाहता त्यांचे खाजगी आयुष्य चव्हाट्यावर येते. आरोप करणारी माणसे दुष्ट नव्हेत, आयुष्यात हुकलेली आहेत. पक्षकार न मिळणाऱ्या सुखात्म्यांना येथे वकिली गाजवता येते. मनातील सल काढण्यास त्यांना नियमांची भाषा सापडली आहे. ज्यांच्यामुळे बाईंवर ही वेळ आली, ते प्राध्यापक दामले गैरहजरच राहतात. त्यांना कोणी आरोपी करीत नाही. अखेरीस गर्भ नष्ट करावा असा निवाडा होतो. भ्रूणहत्येचा खटला भ्रूणहत्येच्या आज्ञेने संपतो. कुंपणच शेत खाते ते असे.

यावरून नियम नकोत असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. 'गिधाडे' तो काढू देत नाही. परंतु नियम सबळालाही बांधतो काय, आणि आरोपीचे म्हणणे ऐकून घेतो काय, ही त्याची कसोटी होय. बेणारेबाईंचे दीर्घ स्वगत रंगमंचावरील कोणाच्याही कानी पडत नाही. ते ऐकतो फक्त प्रेक्षक.

परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या रीतिरिवाज जपत आलेल्या आपल्या घरांनी हे नाटक पुन्हा एकदा वाचावे. आपण कुंपण राखले याचा अभिमान रास्त आहे. आत शेत उभे आहे ना, हेही पाहावे.