तन्नूर, बरकत आणि शाप

माझी दादी रागावली तरी कुणाला 'मरो' म्हणत नसे. फारच जीव जळला तर म्हणे, त्याच्या हाताला बरकत राहणार नाही. लहानपणी मला हा शाप अगदीच मवाळ वाटे. पुढे मराठी बायबलातले जुन्या करारातले शाप वाचले, त्यांच्या शेजारच्या आरामी भाषेतल्या शिलालेखांची ओळख झाली, आणि दादीचा शाप किती जुन्या घराण्यातला आहे हे ध्यानात आले.

१९७९ साली सीरियात तेल फेखेरिये येथे काळ्या बेसाल्ट दगडाचा एक पुतळा सापडला. तो गुझान येथील हदद-यिस्ई या राजाचा असून सर्वसाधारणपणे इ.स.पूर्व नवव्या शतकातला मानला जातो. अंगावर अश्शूरी आणि आरामी अशा दोन भाषांत लेख कोरलेला आहे. हदद देवाच्या मंदिरातील वस्तूंवरून माझे नाव जो पुसेल, त्याला राजा शाप देतो. पण वीज कोसळो, मुंडके उडो, अशा जातीचा हा शाप नाही. त्याने पेरावे आणि कापणी मिळू नये. शंभर मेंढ्यांनी एका कोकराला पाजावे, तरी त्याचे पोट भरू नये. शंभर बायकांनी तन्नूरमध्ये भाकरी भाजाव्यात, तरी तन्नूर भरू नये. त्याच्या माणसांनी उकिरड्यावरचे जव वेचून खावेत.

हलबजवळच्या सफीरे येथील इ.स.पूर्व आठव्या शतकातल्या तहाच्या शिळांवरही हीच रीत दिसते. तिथे आकडा सात आहे. अभ्यासक या प्रकाराला 'व्यर्थतेचे शाप' म्हणतात. मला मात्र आपल्या बोलीतला शब्द अधिक नेमका वाटतो. मेहनत आहे, गाय आहे, पीठ आहे, हातही आहेत. गेली आहे ती बरकत.

हा शब्दही परका नाही. हिब्रूतला 'बेराखा' म्हणजे आशीर्वाद आणि अरबीतला 'बरका' हे एकाच धातूचे आहेत. 'तन्नूर'चेही तसेच. आरामी लेखात तोच शब्द आहे, हिब्रू ग्रंथात तोच आहे, कुरआनात हजरत नूह यांच्या तुफानाच्या प्रसंगी तोच येतो आणि आपल्या ढाब्यावरचा तंदूरही त्याच्याच वंशातला. म्हणजे हे शाप राजांनी कोरून घेतले असले तरी त्यांची भाषा चुलीपाशी घडलेली आहे.

आता तौरातकडे वळू. लेवीय ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात दहा बायका एकाच तन्नूरमध्ये भाकरी भाजतात, ती वजन करून वाटतात, आणि खाणाऱ्यांची तृप्ती होत नाही. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. आरामी लेखातल्या शंभर बायका ही अतिशयोक्ती आहे. तिच्यात दरबारी थाट आहे. लेवीयातल्या दहा बायका खऱ्या वाटतात. दहा घरांचे पीठ एका तन्नूरला पुरेसे ठरावे, इतकेच ते उरले आहे. आणि भाकरी तोलून देणे! ज्या घरात भाकरी मोजली जाते तिथे दुष्काळ वेगळा सांगावा लागत नाही. साहित्य म्हणून मला हिब्रू संहिता इथे सरस वाटते.

परंतु एक आक्षेप घेतलाच पाहिजे. नाव पुसणारा कुणी एक, करार मोडणारा कुणी एक राजा. मग रिकाम्या तन्नूरपाशी बायकांनी का बसावे? उपाशी कोकराचा गुन्हा कोणता? मराठी बायबलात 'अनुवाद' या नावाने असलेल्या ग्रंथाचा अठ्ठाविसावा अध्याय तर वाचवत नाही. चौदा ओव्यांत आशीर्वाद संपतात आणि पुढच्या चोपन्न ओव्या शापांच्या. वेढ्यात सापडलेली नाजूक आईसुद्धा आपल्याच मुलांवर उठते, इथवर ते वर्णन जाते. सत्तेच्या भांडणाची किंमत बाया-मुलांनी मोजायची, ही रीत दोन्ही परंपरांत आहे. ती धर्मग्रंथात आहे म्हणून समीक्षकाने मान खाली घालून पुढे जाऊ नये.

मात्र त्याच ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शापाची दिशा बदलते. तिथे बारा शाप आहेत. शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणारा, आंधळ्याला वाट चुकवणारा, उपरा, अनाथ आणि विधवा यांचा न्याय बिघडवणारा, निरपराध्याचा जीव घेण्यासाठी लाच खाणारा — तो शापित असो. ही यादी नीट पाहिली तर कळते की यातले बरेच गुन्हे साक्षीदाराशिवाय घडतात. काही शापांत तर 'गुप्तपणे' हा शब्दच आहे. वाट चुकली हे आंधळ्याला कळते, कुणी चुकवली हे कळत नाही. तेल फेखेरियेचा शाप राजाच्या नावाची राखण करतो. हा शाप ज्याचे नाव कुठेच कोरले जाणार नाही त्याची राखण करतो. इथे बायका-मुले भरडली जात नाहीत. शाप करणाऱ्याच्याच डोक्यावर येतो.

आणि प्रत्येक शापानंतर सर्व लोकांनी म्हणायचे आहे, 'आमेन'. आपले 'आमीन' ते हेच. दुसऱ्याला दिलेल्या शापाला कुणीही टाळी वाजवील. इथे मात्र जमावातला प्रत्येकजण मान्य करतो की रात्री खूण सरकवणारा मी असेन, तर हे मलाही लागू.

आपल्या लेखनात राग पुष्कळ आहे आणि त्याला कारणेही पुष्कळ आहेत. पण आपण लिहिलेला शाप आपल्यालाच वाचून दाखवला, तर त्यावर आमीन म्हणण्याची आपली तयारी आहे काय? दादी तिचा शाप उच्चारल्यावर पदर डोक्यावर घेई आणि हळूच 'तौबा' म्हणे. तो मवाळपणा नव्हता, हे आता कळते.