वाळवलेल्या मण्यांची वाईन

नेहमीच्या पांढऱ्या वाईनसारखी ही पेल्यात झरझर उतरत नाही. तिची धार जरा जड असते. रंग जुन्या सोन्याचा, कडेला किंचित तांबूस. पेला एकदा फिरवला की आतल्या काचेवर तिचे ओघळ बराच वेळ रेंगाळतात. इगतपुरी तालुक्यात, कावनई किल्ल्याच्या परिसरात, मुकणे धरणाचं पाणी समोर ठेवून वसलेल्या ‘व्हॅलोने’ या छोट्या वायनरीची ही ‘व्हँ द पासरियाज’. शेनिन ब्लांक जातीची द्राक्षं वाळवून केलेली गोड वाईन. छोट्या वायनरीनं नेमकं काय करावं, असं कुणी विचारलं तर मी त्याच्यापुढे हा पेला ठेवतो.

नाक आधी जवळ न्यावं. पहिला वास मधाचा, लगेच पाठोपाठ जर्दाळूचा, मग संत्र्याच्या सालीचा. थोडं थांबलं की बेदाण्याचा वास वर येतो, आणि त्यातही वाळलेल्या अंजिराची गडद बाजू असते. हे सगळे वास सुकवलेल्या फळांचे आहेत. ताज्या शेनिनमध्ये पेरू, हिरवं सफरचंद, कधी अननस सापडतो. इथे त्यांचा मागमूसही नाही. मण्यातलं पाणी उडालं, तसा वासही ताज्या फळाकडून सुक्या मेव्याकडे सरकला.

तासगावचे बेदाण्याचे शेड ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही प्रक्रिया निम्मी ठाऊकच आहे. तिथे द्राक्षाचे घड तेल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात. त्यानं सालीवरचा मेणाचा थर सैलावतो, आणि मग जाळीवर, सावलीत, पंधरवड्याच्या आत बेदाणा तयार होतो. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. वाईनसाठी हे द्रावण चालत नाही, कारण पुढे तोच रस आंबवायचा असतो. घड वेलीवर राखून किंवा तोडून सावलीत पसरून, निव्वळ हवेच्या भरवशावर वाळवावे लागतात. आणि अर्ध्या वाटेवर थांबावं लागतं. मणी सुरकुतला पाहिजे, पण दाबल्यावर त्यातून रस निघाला पाहिजे. दोन दिवस आधी थांबलं तर वाईन पातळ होते, दोन दिवस उशीर झाला तर दाबयंत्राच्या हाती काहीच लागत नाही. मधल्या काळात एखाद्या घडात बुरशी शिरली तर शेजारचे घडही जातात, म्हणून रोज कुणीतरी हातानं घड उलटून पाहायचे.

फ्रान्समध्ये, लोआर नदीच्या खोऱ्यात, याच शेनिनच्या गोड वाईन फार जुन्या आहेत. तिथे शरद ऋतूतलं धुकं एक उपकारक बुरशी आणतं, ती मण्याची साल सच्छिद्र करते आणि आतलं पाणी उडून जातं. नाशिकला फेब्रुवारीची हवा कोरडी ठणठणीत. ते धुकं इथे मिळणार नाही, पण वाळवणीला याहून चांगली हवा कुठे मिळणार! ही वाईन मला खरी वाटते ती यामुळे. लोआरची नक्कल करण्याऐवजी तिनं इथल्या हवेला काय जमतं ते पाहिलं.

आता घोट घ्या. जिभेवर आधी गोडी पसरते, दाट, जवळजवळ काकवीच्या वजनाची. इथेच थांबली असती तर ती सरबत झाली असती. पण गोडी टाळूपर्यंत पोहोचते न पोहोचते तोच खालून आंबटपणा उठतो आणि तोंड स्वच्छ करून जातो. त्यामुळे दुसरा घोट घ्यावासा वाटतो. या वाईनचं सगळं मर्म त्या आंबटपणात आहे, आणि नाशिकमध्ये तो टिकवणं सर्वांत अवघड. युरोपात द्राक्षं थंडीकडे जाताना पिकतात. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, थंडीत मणी फुगतो आणि पिकायच्या वेळी ऊन चढू लागतं. साखर भराभर वाढते, तितक्याच भराभर आम्लता उतरते. तोडणीचा दिवस चुकला की ती परत आणता येत नाही. शेनिनमध्ये आम्लता मुळातच भरपूर, म्हणून हा खेळ जमतो. दुसऱ्या एखाद्या जातीनं मध्येच हात टेकले असते.

हिशेबाची बाजूही या घोटातच आहे. साध्या वाईनला एक टन द्राक्षांपासून साधारण सहाशे ते सातशे लिटर मिळतात. वाळवल्यावर वजन घटतं, तसा रसही घटतो. मजुरी मात्र वाढते. शिवाय इतक्या साखरेत यीस्ट दमून जातं. ताज्या रसाचं आंबवण दोन-तीन आठवड्यांत आटोपतं, तर या रसाची टाकी त्याहून बराच काळ अडून राहते, आणि तीही ऐन हंगामात, बाहेर क्रेटवर क्रेट येत असताना. मोठ्या कारखान्याच्या वेळापत्रकात हे बसत नाही. छोट्या वायनरीला ते परवडतं असंही नाही. तिथे टाक्या मोजक्या, पैसा वर्षभर बाटल्यांत अडकलेला, आणि 2008 नंतरच्या मंदीत नाशिक परिसरातल्या कितीतरी वायनऱ्या बंद पडलेल्या सगळ्यांनी पाहिल्यात. तरीही एखादा मालक एक टाकी अशा वाईनसाठी बाजूला ठेवतो. त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. नाशिक व्हॅली वाईनला 2010 पासून भौगोलिक मानांकन आहे. त्या मानांकनाला अर्थ येतो तो अशा निर्णयांमुळे.

गोड वाईन म्हणजे नवशिक्यांची, हा आपल्याकडचा समज सोडून द्यायला हवा. साखर घालून गोड केलेली वाईन आणि साखर घट्ट करून गोड झालेली वाईन यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मात्र ही वाईन कोमट प्यायलात तर गोडी पुढे धावेल आणि आंबटपणा मागे पडेल. आठ-दहा अंशांवर, लहान पेल्यात, थोडीच घ्या. श्रीखंडाबरोबर घेऊ नका, दोन आंबटगोड चवी एकमेकींना खातात. खारवलेले काजू किंवा निळ्या बुरशीचं चीज सोबत ठेवा, मिठानं तिचा मध आणखी उजळतो.

नाशिककडे जाणं झालं तर जानेवारी ते मार्चमध्ये जा, तोडणी चालू असते. चवीच्या टेबलावर लाल, पांढऱ्या सगळ्या वाईन झाल्यावर ही शेवटी मागा. आणि वाळवणीला किती दिवस लागले, हे वाईन करणाऱ्यालाच विचारा.