‘फँड्री’ : गावाचे हसू आणि आपले

मी वाशीम जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवतो. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) विद्यार्थ्यांना दाखवला, तेव्हा डुकरामागे धावणारे माने कुटुंब पाहून सभागृहात हशा पिकला. पडद्यावरचे गावही हसतच होते. या दोन हशांत फरक तो कोणता?

ही जब्याच्या कोवळ्या प्रेमाची करुण कहाणी मानली की आपण सुटतो. खरा प्रश्न, गाव कोणाचे, हा आहे. माने कुटुंब गावातच राबते. जत्रेच्या तोंडावर डुकरे नकोशी झाली की गावाला कैकाड्याचेच घर आठवते. काम गावाचे, विटाळ मात्र त्यांचा. गाव स्वतःच आपला ‘बाहेरचा’ माणूस घडवीत असते.

कायद्यानेही तेच केले. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला. आज कैकाडी समाज विदर्भात, राजुरा तालुका वगळता, अनुसूचित जातींत येतो. उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातींत. म्हणजे वाशीमचा कैकाडी एका यादीत, अहिल्यानगरचा दुसऱ्या. विटाळाला मात्र जिल्ह्याची हद्द नसते.

डुक्कर हाताशी आलेले असताना शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. राष्ट्राचा मान ज्यांनी राखला, त्यांचा मान कोण राखणार? पुढे बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते चालतात, तेव्हा मागे भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा दिसतात. हे दृश्य मला आपल्यावरचा आरोप वाटते. चित्रे भिंतीवर पोचली. चळवळ त्या झोपडीत पोचली काय? आपल्या जयंतीच्या सभेत कैकाडी, वडार, पारधी यांना बोलायला किती वेळा उभे केले?

चित्रपटाला मर्यादाही आहे. शालू शेवटपर्यंत जब्याच्या नजरेतली प्रतिमाच राहते. आई-बहिणींचे श्रम दिसतात, त्यांचे मन फारसे उलगडत नाही.

शेवटी जब्याचा दगड थेट प्रेक्षकांकडे येतो. तेव्हा सभागृहात कोणी हसले नाही. मी घरातला पहिला पदवीधर. हा दगड आपल्यासाठी नाही, अशा समजुतीत मागच्या रांगेत उभा होतो. ती समजूत त्या दिवशी फुटली. जब्याचा नकार एकट्याचा आहे. त्याच्या शेजारी उभे राहणे हे आपले काम आहे, आणि ते अजून बाकी आहे.